एक जून

बुधवारी कॉलेजच्या नोटीसबोर्डापुढं उभ्या उभ्या नाथाजी साळुंख्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत नाकावर ठेवला आणि तीच ओळ दुसऱ्यांदा वाचली. मग त्यांना हसू आलं. हसावं असं त्या कागदावर काही नव्हतं. सायक्लोस्टाइल केलेला, चार टाचण्यांनी टोचलेला साधा कागद. जिल्ह्यातल्या हायस्कुलांची नावं आणि प्रत्येकापुढं एकेक विद्यार्थी. सांगलीच्या ह्या कॉलेजानं दोन वर्षांपासून नवी रीत पाडली होती. मॅट्रिकला ज्या हायस्कुलात जो पहिला येईल त्याला सायन्सच्या पहिल्या वर्षाला प्रवेश आपोआप. अर्ज नाही, मुलाखत नाही, कुणाची चिठ्ठी नाही. उलट कॉलेजच पत्र धाडायचं की तुमची जागा राखून ठेवली आहे, वसतिगृहात खाट आहे, या. नाथाजींचं बिऱ्हाड जिथं होतं त्या जतकडच्या हायस्कुलापुढं मात्र दोन नावं होती, महिरपी कंसात घातलेली. रंगूबाई कोंडीबा कारंडे, जन्म १ जून १९५७. चंद्रा नाथाजी साळुंखे, जन्म २१ जून १९५७. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की समान गुण असल्यास वयाने मोठा तो आधी. सबब क्रमांक एक यांना प्रवेश. हरकत असल्यास शनिवारी दुपारपर्यंत पुराव्यासह नोंदवावी. म्हणजे त्यांची चंद्रा वीस दिवसांनी मागं पडली होती, आणि ते वीस दिवस अकरा वर्षांपूर्वी खुद्द नाथाजींनीच आपल्या टाकानं रंगूला बहाल केले होते. करायला गेलो काय आणि उलटे झाले पाय, असं मनाशी म्हणत ते सायकलीकडं वळले. सायकलच्या कुलपाला त्यांनी खोलीची किल्ली लावून बघितली, तेव्हा कुठं त्यांना कळलं, की आपल्याला हसू वगैरे आलेलं नाही.

एक जून ही तारीख मास्तर लोकांची. ती पंचांगात आहे तितकीच शाळेच्या दाखल्यात आहे, किंबहुना जास्तच. धनगराच्या, शेतकऱ्याच्या घरात पोर कधी जन्मलं हे विचारलं तर उत्तर मिळायचं, की म्हातारबा गेला त्याच्या आदल्या साली, नाहीतर ती काळी म्हैस व्याली त्या आठवड्यात. रजिस्टरात म्हैस कशी लिहिणार? शाळा जूनात उघडते, पोराला सहा पूर्ण पाहिजेत, मग मास्तर पोराकडं एकदा वरून खाली बघायचा, डोक्यावरून हात नेऊन त्याला कान धरायला लावायचा आणि लिहायचा एक जून. नाथाजी कारंडेवस्तीच्या एकशिक्षकी शाळेत होते तेव्हा पटावरच्या त्रेचाळीस पोरांपैकी सदतीस पोरं एक जूनला जन्मलेली होती. तपासणीला आलेले साहेब म्हणाले होते, की गुरुजी, ह्या वस्तीत त्या दिवशी सुईणीला जेवायला तरी सवड मिळाली का हो? दोघंही खूप हसले होते आणि साहेबांनी खाली सही केली होती. हसणारे ते साहेबसुद्धा एक जूनचेच असतील असं नाथाजींना तेव्हा वाटून गेलं होतं. फक्त चंद्राची तारीख त्यांनी खरी लिहिली. पोटची पोर, तिचा जन्म त्यांनी भिंतीवर खडूनं टिपून ठेवला होता, वारासकट. आणि मास्तरानं स्वतःच्या मुलीचं तरी खरं लिहावं असा त्यांचा त्या वयातला ताठा होता. तो ताठा आता त्यांना हलवायाच्या दुकानापुढून जाताना आठवला आणि ब्रेक लावायचं राहून समोरच्या टांग्याला सायकल घासून गेली.

आणि रंगू तर एक जूनच्या जवळपाससुद्धा नव्हती. हे फक्त दोघांना ठाऊक होतं, त्यांना आणि कोंडीबाला. कोंडीबा कारंडेची मेंढरं दिवाळीनंतर पश्चिमेला निघायची, कऱ्हाडच्या अंगानं कृष्णाकाठच्या शेतांतून बसत बसत जायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर माघारी यायची. रंगूला शाळेत घातलं त्या वर्षी त्याची म्हातारी आई, धोंडुबाई, पायानं थकली. ती घरी राहणार, आणि तिला पाणी द्यायला कुणीतरी पाहिजे म्हणून रंगूही राहणार, असं ठरलं. पोर घरी राहणारच आहे तर शाळेत बसू दे, एवढाच काय तो विद्येचा विचार त्या घरात झाला. कोंडीबा तिला काखेत मारूनच घेऊन आला होता. कधीची, असं विचारल्यावर म्हणाला, की आम्ही तांबव्याच्या रानात मेंढरं बसवली होती, लोक शेकोटीवर हुरडा भाजत होते, तेव्हाची. हुरडा म्हणजे पौष, म्हणजे पोरगी साडेपाचची. नाथाजींनी तिला वर्षभर थांबायला सांगायला हवं होतं. पण पुढच्या वर्षी म्हातारी असेल नसेल, पोर परत कळपामागं जाईल, मग कुठली शाळा? त्यांनी टाक बुडवला आणि तिला सात महिने मोठी केली. पोरीनं कान धरायला डोक्यावरून हात नेला तो कानापर्यंत पोचलाच नाही. नाथाजींनी हळूच तिचं डोकं जरा तिरकं केलं होतं, हे त्यांना आज इतकं लख्ख आठवलं, की तिच्या तेल न लागलेल्या केसांचा खरखरीतपणा बोटांना जाणवला.

कचेरीत त्यांच्या टेबलावर फाइली तशाच पडल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना बढती मिळाली, शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून सांगलीला बदली झाली. चंद्राची दहावी-अकरावी मोडायला नको म्हणून सुलाबाई मुलींना घेऊन तिकडंच राहिल्या, आणि नाथाजी खणभागातल्या एका खोलीत स्वतःच्या हातचा भात खात दिवस काढू लागले. चंद्रा मॅट्रिक झाली की तिला इकडं आणायचं, ती सायन्सला जाईल, पुढं जमलंच तर मिरजेला डॉक्टरकीला, असा बेत होता. बेत तसा त्यांचा, पण चंद्राचाही. बेडकाचं चित्र काढून त्याच्या पोटातले अवयव रंगवणारी ती पोर होती. आता साध्या यादीतून अर्ज केला तर काय होईल, सांगता येत नव्हतं. साध्या यादीत सांगलीची, मिरजेची, इस्लामपूरची पोरं असणार, शिकवण्या लावलेली. आणि नाही जमलं तर चंद्रा आर्ट्सला जाईल, नाहीतर त्यांच्यासारखीच मास्तरीण होईल. उलट एक कागद लिहिला की काम फत्ते. कारंडेवस्ती त्यांच्याच विभागात येत होती. मूळ रजिस्टर मागवायचं, आणि सदर नोंद अंदाजे केली असून विद्यार्थिनीचा खरा जन्म पौषातला आहे असा दाखला त्यांच्याच सहीनं द्यायचा. ह्यात खोटं एक अक्षर नव्हतं. खोटं होतं ते अकरा वर्षांपूर्वीच लिहून झालं होतं. आजवर त्यांनी कुठलाही खोटा दाखला दिला नव्हता, आणि आता एक अगदी खरा दाखला द्यायचा तर हात शाईच्या दौतीपर्यंत जाईना. खरं बोलण्यात इतका फायदा असला की त्याला खरं म्हणायला जीभ धजत नाही, असं काहीतरी त्यांना वाटलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. समोरच्या टेबलावरच्या कारकुनानं भडंगाचा कागद पुढं केला. त्यांनी मूठभर घेतलं आणि खाल्लं. चव उत्तम होती, हेही त्यांच्या ध्यानात आलं.

संध्याकाळी पुलावर उभं राहून कृष्णेचं पाणी बघायचा त्यांचा नेम होता. पाणी बघितलं की त्यांना कोयना आठवायची, पाटण आठवायचं. पाटणला ते सातवीच्या फायनल परीक्षेत पहिले आले होते, सगळ्या केंद्रात पहिले. साताऱ्याला एका बोर्डिंगात अशा हुशार मुलांना ठेवून घेत आणि हायस्कुलात घालत. फक्त अर्ज करायचा. वडील, केरबा, पलटणीत, तिकडं कुठं ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर. आईला अर्ज ही चीज ठाऊक नव्हती. तिनं तो छापील कागद जपून ठेवला, देवाच्या कोनाड्यात, हळदकुंकू वाहून. महत्त्वाचा कागद म्हणजे जपून ठेवायचा, एवढंच तिला कळत होतं. नाथाजींनाही तेराव्या वर्षी कळलं नाही, की तो भरून कुणाकडंतरी द्यायचा असतो. मुदत निघून गेली. पुढं फायनलच्या जोरावर मास्तरकी मिळाली आणि ते सुखानं मास्तर झाले. त्याचं त्यांना कधी फार दुःख झालं नाही, ते आजही नव्हतं. पण पुलाच्या कठड्याला रेलून त्यांना वाटलं, की त्या साली साताऱ्याहून कुणी आपणहून पत्र पाठवलं असतं, की नाथाजी, ये, तुझी खाट राखून ठेवली आहे, तर आईनं आपल्याला नक्की धाडलं असतं. तिला बोलावणं कळत होतं. लग्नाचं, बारशाचं, जत्रेचं. बोलावलं की जायचं.

खोलीवर येऊन त्यांनी सुलाबाईंना पोस्टकार्ड लिहिलं. चंद्राला शनिवारी पहिल्या गाडीनं पाठव, कंडक्टर जोतिबा ओळखीचा आहे, त्याच्या पुढच्या सीटवर बसव, साधा अर्ज भरायचा आहे. पत्ता लिहून झाल्यावर कार्ड वाळवायला त्यांनी ते दिव्यापुढं धरलं आणि तो ‘साधा’ शब्द त्यांना दिसला. तो त्यांनी विचार करून लिहिला नव्हता. विचार तर अजून चालूच होता, शनिवारपर्यंत चालवायची त्यांची तयारीही होती. पण हातानं परस्पर निकाल लावून टाकला होता. त्यांना हाताचा थोडा राग आला आणि बरंही वाटलं, आणि कार्ड पेटीत टाकून आल्यावर झोपही लागली. मनुष्याला चांगुलपणा करूनसुद्धा इतक्या लवकर झोप लागावी ह्याचं त्यांना सकाळी नवल वाटलं. मग वाटलं, तो चांगुलपणा होता कशावरून? दाखला दिला असता तर अकरा वर्षांपूर्वी खोटी नोंद केली हे कबूल करावं लागलं असतं, आणि बढती मिळालेल्या माणसाला ते कितीला पडलं असतं? कदाचित भ्यालो असेन. चहा उतू जाईपर्यंत त्यांनी ह्यावर विचार केला आणि मग स्टो पुसायला घेतला.

शुक्रवारी दुपारी कोंडीबा आला. कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर न बसता भिंतीला टेकून, घोंगडी मांडीवर घेऊन उकिडवा बसला होता. हायस्कुलाचे हेडमास्तर लालासाहेब ह्यांनी त्याला कॉलेजचं पत्र वाचून दाखवलं होतं, आणि गुरुजींची चंद्रा त्यामुळं मागं राहिली हेही सांगितलं होतं. त्यानंतर तो जेवला नव्हता, असं त्यानं सांगितलं नाही, पण तोंडावर दिसत होतं. नाथाजी त्याला चहाला घेऊन गेले. चहा येईपर्यंत तो मेंढरांचं बोलत राहिला, कोकरांना खुरकूत झालं त्याचं, पावसानं डोळे वटारले त्याचं. मग बशी खाली ठेवून तो मुद्द्यावर आला.

“गुरुजी, माजी पोर धाकटी हाय. हुरड्यातली हाय ती. तुमास्नी ठाव हाय.”

“व्हय,” नाथाजी म्हणाले. वस्तीवरच्या माणसाशी बोलताना त्यांची भाषा अजून आपसूक तिकडं वळायची.

“मग तसं लिवा की. मी अंगठा देतो. साळंत घेताना तुमी माज्यासाटनं खोटं लिवलं, आता त्येच खोटं तुमच्या लेकीच्या मुळावर आलं. ह्ये मला पचायचं न्हाई.”

इतका सोपा रस्ता नाथाजींनी कल्पनेतही आखला नव्हता. बापाचाच अंगठा. त्यांना भीती नको, अपराध नको, कुणाला तोंड चुकवायला नको. बुधवारी हातानं घेतलेला निकाल डोक्यानं मोडायला एवढं पुरेसं होतं, आणि क्षणभर त्यांनी तो मोडलाही. डोळ्यांपुढं चंद्रा पांढरा कोट घालून मिरजेच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढून गेली. मग त्यांनी विचारलं, की रंगूचं पुढं काय करशील? कोंडीबा म्हणाला, तिचं काय, लय शिकली, तिच्या मामाकडनं मागणं हाय, दिवाळी झाली की बघू.

“आनि कालिजात साधा अर्ज भरलास तर?”

“अर्ज म्हंजी?” कोंडीबानं विचारलं.

त्यानं ते अगदी सरळ विचारलं, लहान मुलानं नवा शब्द विचारावा तसं. नाथाजींना आपलं पाटणचं घर दिसलं. कोनाड्यातला हळदीनं पिवळा झालेला कागद, त्याच्या घड्या, आईचा नमस्कार, सगळं त्या दोन शब्दांत होतं. चंद्राला दार वाजवता येत होतं. दार उघडेल न उघडेल, पण तिला, तिच्या बापाला, दार कुठं असतं ते ठाऊक होतं. ह्या पोरीच्या घरात दार माहीतच नव्हतं. तिला आतूनच कुणीतरी हाक मारायला हवी होती, आणि ती मारली गेली होती. आपोआप.

“तारीख बदलायची न्हाई कोंडीबा,” ते म्हणाले.

“पन खोटी हाय ती.”

“सबंद वस्तीची खोटी हाय. तिच्या एकटीचीच खरी कशापायी करायची?”

हॉटेलातल्या पोऱ्यानं कपबश्या उचलल्या, टेबल पुसलं. घोंगडी खांद्यावर टाकत कोंडीबा म्हणाला, “बिरोबानं इच्यारलं तर काय सांगू?”

“सांग, मास्तरानं लिवलं.”

त्यावर कोंडीबा हसला. नाथाजीही हसले. पत्र घेऊन जूनअखेरी यायचं, पोरीबरोबर वळकटी आणि ताटवाटी द्यायची, मामाला दोन वर्षं थांब म्हणायचं, हे त्यांनी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं, आणि त्याला जतच्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटताना कोंडीबानं खिडकीतून हात जोडले. ते नाथाजींना आवडलं नाही, कारण जोडलेले हात बघून त्यांना खरोखरच सुख झालं, आणि चंद्रा अजून यायची होती.

शनिवारी ती आली. जोतिबा कंडक्टरनं तिची पिशवी टपावरून काढून दिली. दोन वेण्या, निळी साडी, आईची असावी, कारण पोलक्याशी जुळत नव्हती. स्टँडपासून कॉलेजपर्यंत दोघं चालत गेले. नाथाजी सायकल हातानं ढकलत होते. त्यांनी सांगायला सुरुवात केली. नियम असा, गुण असे, तारखा अशा. वाक्यं रात्रीच जुळवून ठेवली होती, आणि वर्गात शिकवावं तशी एकामागून एक नीट बाहेर पडत होती. वीस दिवसांनी रंगू मोठी, तेव्हा नियमाप्रमाणं.

“आण्णा,” चंद्रा म्हणाली, “ती मला अक्का म्हनती.”

पुढची सगळी वाक्यं तिथंच मेली. अक्का. दुसरीपासून दोघी एका पाटावर बसत, एका डब्यात खात, आणि ती पोर हिला अक्का म्हणत होती, सगळ्या वस्तीदेखत, त्यांच्यादेखत. जे फक्त दोघांना माहीत आहे असं ते चार दिवस समजत होते ते दोन पोरींना पाढ्यासारखं पाठ होतं. नाथाजींनी सायकलची घंटी उगीचच वाजवली. रस्त्यावर कुणी नव्हतं.

“तुमी हरकत घेतली न्हाई?”

“न्हाई.”

ती काही पावलं पुढं गेली. मग थांबली. डोळे भरले होते, पण पाणी खाली येऊ देत नव्हती. तेवढी हट्टी ती लहानपणापासूनच. नाथाजींना वाटलं, आता म्हणेल, तुम्ही माझं वाटोळं केलंत. त्याला त्यांच्याकडं उत्तर तयार होतं, पाटणचं, आईचं, कोनाड्याचं.

“मला इचारायचं तरी,” चंद्रा म्हणाली.

बुधवारपासून त्यांनी कृष्णेला विचारलं, हाताला विचारलं, कोंडीबाला विचारलं. जिची जागा होती तिला पोस्टकार्डावर ये म्हणून लिहिलं. त्यांना लाज वाटली, साधी, कान तापवणारी लाज. पस्तीस-चाळीस पोरांच्या तारखा परस्पर लिहून टाकायची सवय. मग त्यांनी विचारलं, “इचारलं असतं तर?”

“तर मी बी न्हाईच म्हनले असते,” ती म्हणाली. “पन मी म्हनले असते.”

“चुकलं माझं,” नाथाजी म्हणाले. मुलीला असं म्हणण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. तिनं पदरानं डोळे पुसले, बापाकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा बघून तिला हसूच आलं असावं, कारण तिनं मान फिरवली. मग विचारलं, की पेन आहे ना तुमच्याकडं?

कॉलेजच्या खिडकीपुढं रांग पार फाटकापर्यंत आली होती. तुम्ही सावलीत बसा, मी भरते, असं सांगून चंद्रा शेवटी जाऊन उभी राहिली. नाथाजी कडुनिंबाखालच्या पारावर टेकले. जागा मिळेल न मिळेल, पुढचं पुढं. रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती, आणि प्रत्येक वेळी चंद्रा एक पाऊल पुढं आली की त्यांना बरं वाटत होतं. शेजारी शिराळ्याकडचा एक पटकेवाला आपल्या नातवाची वाट बघत बसला होता. त्यानं तंबाखू पुढं केली. नाथाजींनी घेतली.

“लेक का?” पटकेवाल्यानं रांगेकडं हनुवटी करून विचारलं.

“व्हय.”

“कितवी आली?”

“पहिल्या,” नाथाजी म्हणाले. “दोघी बी पहिल्या आल्या.”

पटकेवाल्यानं रांगेत दुसरी पोरगी शोधली. ती काही दिसेना, तेव्हा कपाळावर हात आडवा धरून तो बिचारा फाटकापासून पुन्हा एकेक तोंड निरखू लागला.